मिठाचे ऋण आणि रोलांचे शिंग

मध्ययुगीन फ्रेंच वीरकाव्याचा विचार करू लागताच त्या काव्याच्या अभ्यासकांनी रूढ केलेला एक शब्द समोर येतो : 'देमझ्यूर'. 'मेझ्यूर' म्हणजे माप, मात्रा, मर्यादा. 'देमझ्यूर' म्हणजे ते माप सुटणे. 'अतिरेक' हा आपला शब्द त्याच्या जवळ जातो. पण त्यात दोषाची छटा आधीच येऊन बसलेली आहे, आणि मूळ कल्पनेत तेवढी घाई नाही. शौर्य, मैत्री, कुलाभिमान, धन्याविषयीची निष्ठा हे सारे गुणच. ह्यांपैकी एखादा गुण आपल्याच वाटेने, कोठेही न वळता, पुढे पुढे जात राहिला म्हणजे तो विनाशाच्या दारात जाऊन उभा राहतो, एवढेच ह्या शब्दाचे म्हणणे आहे. वीर पडतो तो गुण सोडल्यामुळे नव्हे, तर सोडता न आल्यामुळे.

ह्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'रोलांचे गीत'. 15 ऑगस्ट 778 रोजी स्पेनमधून परतणाऱ्या शार्लमानच्या सैन्याच्या पिछाडीवर पिरेनीज पर्वतात बास्क डोंगरी लोकांनी घाला घातला. त्या चकमकीत ब्रिटनीच्या सरहद्दीचा एक अधिकारी मारला गेला. इतिहासाला ठाऊक असलेला रोलां तो एवढाच. सुमारे तीनशे वर्षांनी, 1100 च्या आसपास, ह्या लहानशा घटनेचे चार हजार ओळींचे काव्य झाले. बास्कांच्या जागी मुसलमान सैन्य आले, रोलां बादशहाचा भाचा झाला, त्याचा सावत्र बाप गानलों फितूर ठरला, आणि रोलांच्या शेजारी ऑलिव्हिए नावाचा जिवलग उभा राहिला. इतिहासात ज्याचा मागमूस नाही अशा ह्या ऑलिव्हिएची निर्मिती हीच मला त्या काव्याची खरी करामत वाटते.

शत्रूचे अफाट दळ दिसताच ऑलिव्हिए विनवतो की तुझे हस्तिदंती शिंग फुंक, म्हणजे बादशहा मागे वळेल. रोलां नाकारतो, मदत मागितली तर आपल्या कुळाला आणि फ्रान्स देशाला बोल लागेल, असे त्याला वाटते. विनवणी पुन्हा पुन्हा होते, नकारही पुन्हा पुन्हा येतो. पुढे सारे सैन्य कापले जाऊन मूठभर माणसे उरतात, तेव्हा रोलां स्वतःच शिंग फुंकू म्हणतो; आणि आता ऑलिव्हिए आडवा येतो. आता फुंकणे हीच नामुष्की आहे, ही माणसे तुझ्या अविचाराने मेली, शहाणपणाला धरून असलेले शौर्य वेगळे आणि वेडेपणा वेगळा, असे तो तोंडावर सांगतो. रोलांशी वाग्दत्त असलेली आपली बहीण ओद हिला तू आता मिळणार नाहीस, इतपत त्याचा राग जातो. त्यूर्पें नावाचा आर्चबिशप मध्ये पडतो म्हणून भांडण थांबते. थोड्या वेळाने रक्ताने डोळे भरून आंधळा झालेला ऑलिव्हिए न ओळखता रोलांच्याच शिरस्त्राणावर तलवार हाणतो. हे जाणूनबुजून केलेस काय, असे रोलां हळुवारपणे विचारतो, आणि दोघे एकमेकांपुढे मान लववून निरोप घेतात. अतिरेकी स्नेह आणि अतिरेकी मान ह्यांची गाठ इतक्या थोड्या ओळींत घातलेली दुसऱ्या कोणत्या काव्यात आहे, हे मला आठवत नाही.

महत्त्वाचे हे की ऑलिव्हिएचा युक्तिवाद काव्यात शेवटपर्यंत खोडून काढलेला नाही. रोलांचा आत्मा देवदूत स्वर्गात नेतात, हे खरे. पण वीस हजार माणसे मेली ती मेलीच, आणि ती का मेली ह्याविषयी वीराच्या जिवलग मित्राने केलेला आरोप तसाच उभा राहतो. अतिरेकाचा खटला काव्याच्या आतच चालतो आणि निकाल न लागता संपतो.

आता आपल्या पोवाड्याकडे वळू. मराठी पोवाड्याची पाश्चात्य वीरकाव्याशी तुलना नवी नाही. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम ह्यांनी 1891 मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला, 1894 मध्ये ॲक्वर्थने त्यांतील काहींची इंग्रजी रूपांतरे केली, 1928 मध्ये य. न. केळकरांचे 'ऐतिहासिक पोवाडे' निघाले; तेव्हापासून ही तुलना चालत आली आहे. परंतु ती बहुधा आकाराची तुलना असते : त्यांच्याकडे महाकाव्य झाले, आमच्याकडे सुटी गाणी राहिली, अशी हळहळ तिच्या शेवटी येते. माझ्या मते प्रश्न आकाराचा नाही. फ्रेंच कवीने आपल्या वीराशेजारी ऑलिव्हिए उभा केला. आपल्या शाहिराने तो केला नाही. त्या जागी आपल्याकडे काय आहे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला पोवाड्याच्याही मागे जावे लागते.

हा लेख ज्या शहरात बसून लिहीत आहे त्या बेंगळुराचे नाव सर्वांत प्रथम कोठे येते, हे येथे सांगण्यासारखे आहे. शहराच्या दक्षिणेस बेगूर येथील नागेश्वर मंदिराच्या आवारात इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या अखेरीचा एक जुना कन्नड शिलालेख आहे. त्यात नागत्तर नावाच्या गंग सरदाराच्या घरचा एक विश्वासू माणूस 'बेंगळूरच्या लढाईत' मेला, एवढीच नोंद आहे. शहराचे नाव इतिहासात आले ते एका स्वामिनिष्ठ माणसाच्या मृत्युलेखातून. ह्याच बेगूरचा दुसरा एक वीरगळ बेंगळुराच्या शासकीय संग्रहालयात आणून ठेवलेला आहे. त्याच्यावर हत्ती, घोडे, पडलेली धडे, त्यांच्याभोवती जमलेली गिधाडे आणि कोल्ही अशी दाट गर्दी कोरलेली आहे. नागत्तर हा तुंबेपाडीच्या रणात धन्याच्या हुकमाने लढला आणि हत्तीशी झुंजत पडला, असे त्यावरचा लेख सांगतो. पण लेख तेथे थांबत नाही. ही वार्ता ऐकून गंग राजा एरेयप्प ह्याने इरुग नावाच्या पुरुषाला नागत्तराचा पट्ट बांधला आणि बेंपूर वगैरे बारा गावे दिली, आणि त्या गावांची नावे लेखात ओळीने मोजून दिली आहेत. दगडावर वीराच्या मृत्यूला लागून सातबाऱ्याचा उतारा यावा, तसे हे आहे. आधुनिक वाचकाला ही गद्य पुरवणी रसभंग करणारी वाटते. मला तोच त्या लेखाचा गाभा वाटतो.

कन्नडात ह्या भावनेला एक सुरेख शब्द आहे : 'जोळवाळी'. जोळ म्हणजे जोंधळा. ज्याचे जोंधळे खाल्ले त्याच्याशी बांधलेपण, ते जोळवाळी. पंपकवीने 941 च्या सुमारास रचलेल्या 'विक्रमार्जुनविजया'त कर्णाला जे थोरपण दिले आहे ते ह्याच बांधलेपणाच्या जोरावर. 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा आपला वाक्प्रचार त्याचाच सख्खा भाऊ. येथे निष्ठा हा मनाचा आवेग नसून ते एक देणे आहे, आणि ते फेडण्याचे चलन जीव हे आहे. हळेबीड येथे होयसळ राजा दुसरा बल्लाळ ह्याचा गरुड कुवर लक्ष्म ह्याच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आहे. राजा निवर्तल्यावर लक्ष्माने, त्याच्या पत्नीने आणि अनुयायांनी प्राण दिल्याचे तो सांगतो. त्यावरच्या आकृती स्वतःचेच शिर उतरवताना कोरलेल्या आहेत. मराठी वाचकाला हे अघोरी वाटेल. पण ऋणाचे गणित एकदा मान्य केले की ते अगदी सरळ आहे. राजाचे अन्न खाल्ले, राजा गेला, आता हिशेब मिटवला पाहिजे.

फ्रेंच सरंजामशाहीतही जमिनीच्या बदल्यात निष्ठा हाच करार होता. पण तेथील कवींना तो करार मोडण्याच्या क्षणाचे अधिक आकर्षण होते. 'राऊल द कांब्रे' ह्या बाराव्या शतकाच्या अखेरच्या काव्यात राऊल ओरिन्यीचा मठ जाळतो आणि त्या आगीत त्याचाच सेवक बेर्निए ह्याची आई जळून मरते. बेर्निए तरीही धन्याला सोडत नाही. राऊल त्याला भाल्याच्या दांड्याने मारून रक्तबंबाळ करतो तेव्हा कुठे तो बंधनातून सुटतो, आणि पुढे राऊलला रणात ठार करतो. आईच्या मरणाने जे बंधन तुटले नाही ते स्वतःच्या अंगावरच्या घावाने तुटावे, हा त्या जगाचा विलक्षण कायदा आहे.

आपल्याकडे ह्याच्या जवळ जाणारा प्रसंग कारीच्या कान्होजी जेध्यांचा आहे, आणि त्याचा एक धागा पुन्हा बेंगळुरात येतो. 1638 च्या सुमारास केंपे गौडांकडून बेंगळूर विजापूरकरांकडे आले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत पडले. जयराम पिंड्ये ह्याचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य शहाजीराजांच्याच दरबाराचे. राजवाड्यांनी ते 1922 मध्ये प्रसिद्ध केले. 1648 मध्ये मुस्तफाखानाने शहाजीराजांना जिंजीजवळ कैद केले तेव्हा कान्होजी त्यांच्याबरोबर अडकले. 1649 मधली सुटका फुकट झाली नाही : शिवाजीराजांनी कोंढाणा आणि थोरले बंधू संभाजीराजांनी बेंगळूर विजापूरकरांच्या हवाली केले. सुटल्यावर शहाजीराजांनी कान्होजींना इमान देववून शिवाजीराजांकडे पाठवले. दहा वर्षांनी, 1659 मध्ये, अफजलखान आला आणि बादशहाचे फर्मान कान्होजींच्या हातात पडले. फर्मान न मानावे तर वतन जाते. कान्होजी पाच मुलांना घेऊन राजांपुढे आले. खोपडे खानाकडे गेले, तुम्हीही जावे, असे राजांनी सुचवताच त्यांनी पाणी घेऊन वतनावर सोडले. मुलांसकट वंशाचे सारे धन एका ओंजळीत सोडणे ही देमझ्यूरच होय. तिच्यात आवेश मात्र नाही. शहाजीराजांना दिलेला शब्द त्यांच्या मुलाच्या दारात फेडला गेला, इतक्या शांतपणे जेध्यांचा करिना ती हकिकत सांगतो.

ह्या पार्श्वभूमीवर तुळशीदास शाहिराचा तानाजीचा पोवाडा वाचावा. 1649 मध्ये बापाच्या सुटकेसाठी सोडलेला, पुढे परत घेऊन 1665 मध्ये मोगलांना द्यावा लागलेला कोंढाणा 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजीने घेतला आणि तो तेथेच पडला. हा इतिहास झाला. शाहीर आरंभ करतो तो जिजाबाईंपासून. त्या प्रतापगडावरून कोंढाणा पाहतात, राजांना बोलावून सोंगट्यांचा डाव मांडतात, जिंकतात आणि गड मागतात. तिकडे उमरठ्यास तानाजीच्या घरी रायबाच्या लग्नाची तयारी चालली आहे. जासूद येतो, तानाजी लग्न टाकून फौजेसह राजगडी येतो, आणि येतो तो रागातच. हे काम आपले नव्हे, आईचे आहे, असे राजा सांगतो. आणि जिजाबाई पंचारती ओवाळून त्याला लेक म्हणतात तेव्हा तो राग विरघळून जातो. पोवाड्यातील सर्वांत बलवान क्षण माझ्या मते हाच आहे, कड्यावर घोरपड चढते तो नव्हे. कारण येथे ऋण नव्याने जन्माला येते. मिठाच्या ऋणाला दुधाचे ऋण जोडले जाते, आणि हे ऋण फिटणारे नाही हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळते.

पोवाड्यात ऑलिव्हिए अगदीच नाही असेही नाही. ऐंशी वर्षांचा शेलारमामा आरंभी इशारा देतो की त्या गडाची गोष्ट काढू नये, तिकडे गेलेले परत आलेले नाहीत. तो वृद्ध आहे, आप्त आहे, त्याला बोलण्याचा अधिकार आहे. परंतु तानाजीने उत्तर देताच तोच मामा तलवार घेऊन निघतो, आणि तानाजी पडल्यावर त्याच्या तोंडून आधीच्या इशाऱ्याची आठवणसुद्धा निघत नाही. ऑलिव्हिए असता तर तो दुसऱ्यांदा बोलला असता. शाहिराला ते दुसरे बोलणे नको आहे. त्याला राजा हवा आहे : गडावर येऊन शोक करणारा, आणि शोक संपल्यावर रायबाचे लग्न स्वतः लावून देणारा राजा. बेगूरच्या दगडावरची बारा गावे येथे लग्नाच्या मांडवाचे रूप घेऊन आली आहेत. पुढच्या मराठी दफ्तरांत ह्याच व्यवहाराला 'बालपरवेशी' असे रोखठोक नाव मिळाले. लढाईत पडलेल्याच्या मुलांना चालवून दिलेले उत्पन्न ते.

शाहीर स्वतः ह्या हिशेबाच्या बाहेर नव्हता, हेही विसरून चालणार नाही. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास आपल्याला मिळालेल्या घोड्याची आणि सोन्याच्या तोड्याची नोंद पोवाड्यातच करतो. ज्याने धन्याचे मीठ खाल्ले आहे त्याच्याकडून ऑलिव्हिएची जीभ मागणे कठीण आहे.

एक लहानसा फरक पाहण्यासारखा आहे. रोलांच्या गीतात आवाज जातो वीराकडून राजाकडे : शिंग म्हणजे हाक. 13 जुलै 1660 रोजी बाजीप्रभू आणि बांदलांची माणसे खिंड अडवून उभी राहिली, त्या प्रसंगाच्या परंपरागत कथेत आवाज उलट दिशेने येतो. राजे विशाळगडावर पोचल्याच्या तोफा झाल्या की मग बाजीने देह ठेवायचा. तेथे शिंग मदत मागते. येथे तोफ मरण्याची परवानगी देते.

नेसरीला मात्र ना शिंग होते ना तोफ. प्रतापराव गुजरांनी 1673 मध्ये उमराणीस बहलोलखानाला पाण्यापासून तोडून कोंडले, आणि तो काकुळतीला आल्यावर सोडून दिले. शरण आलेल्यास जीवदान देणे हा वीराच्या अब्रूचाच भाग. पण राजांच्या दृष्टीने तो राज्याचा तोटा होता. सला कशासाठी केला, असा जाब त्यांनी विचारला. खान पुन्हा चालून आला तेव्हा, त्याला बुडवल्याखेरीज तोंड दाखवू नये, अशा आशयाचे पत्र गेल्याचे सभासद सांगतो. 24 फेब्रुवारी 1674 रोजी आजच्या गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीच्या खिंडीत प्रतापराव खानाच्या फौजेवर गेले आणि पडले.

रोलांशी ह्याचे साम्य पुष्कळांना जाणवले असेल. मला भेद अधिक बोलका वाटतो. तेथे मर्यादेची बाजू मित्र मांडतो आणि राजा दूर, अजाण, पुढे आक्रोश करण्यासाठी राखून ठेवलेला असतो. येथे मर्यादेची बाजू राजा मांडतो. लष्करी विवेक, राज्याचा हिशेब, शत्रूला सोडण्यातला धोका, हे सारे पत्रात आहे. आणि तेच पत्र अतिरेकाला जन्म देते. ऑलिव्हिएचा शहाणपणा रोलांला वाचवू शकत नाही, पण मारीतही नाही. राजाचा शहाणपणा प्रतापरावांना मारतो. ज्याचे मीठ खाल्ले तोच तोंड दाखवू नको म्हणाला, तर जगायला जागा राहत नाही. कुसुमाग्रजांच्या प्रसिद्ध कवितेने ह्या मृत्यूला जे वेग आणि तेज दिले त्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु मराठी मनात ती दौड राहिली आणि पत्र मागे पडले, हेही खरे.

सभासद ते विसरला नाही. जिंजीस राजाराममहाराजांसाठी लिहिलेल्या ह्या बखरीत, प्रतापराव पडल्याचे कळताच राजे कष्टी होतात आणि आपणच तसे लिहून पाठवले होते ह्याचा उच्चार करतात. शार्लमान भाच्यासाठी दाढी उपटून रडतो, मूर्च्छित पडतो; पण आपणच त्याला पिछाडीस नेमले, असा स्वतःवरचा आरोप त्या आक्रोशाचा विषय होत नाही. दोष गानलोंचा ठरतो आणि घोड्यांकडून त्याच्या देहाचे तुकडे करून न्याय होतो. आपल्या बखरीत फितूर कोणी नाही. त्यामुळे दोषाला जाण्यासाठी राजाखेरीज दुसरे घरच उरत नाही. बखरगद्याच्या त्या दोनतीन वाक्यांत जी शोकात्मिका आहे ती पोवाड्यात उतरली असती तर मराठी वीरकाव्याचा इतिहास निराळा लिहावा लागला असता.

त्यापुढची गोष्ट दोन्हीकडे एका मुलीची आहे. शार्लमान एक्सला परततो तेव्हा ओद विचारते, रोलां कोठे आहे? बादशहा रडत सांगतो की तो गेला, पण त्याच्या बदल्यात मी तुला माझा मुलगा लुई देतो. ही भरपाई ओदला समजतच नाही. ती त्याच्या पायाशी कोसळून मरते. फ्रेंच कवीने राजाच्या देणगीचा एवढा मोठा अपमान अवघ्या थोड्या ओळींत केला आहे. रायगडावरही राजाने आपला मुलगाच देऊ केला. 1680 च्या मार्चमध्ये राजारामांचे लग्न प्रतापरावांच्या कन्येशी, जानकीबाईंशी, लागले. देणगी तीच : पडलेल्या वीराच्या बदल्यात राजपुत्र. पण ओद ती नाकारून काव्याला हिशेब मिटू देत नाही. जानकीबाईंच्या लग्नाने हिशेब मिटतो. एकीकडे काव्य झाले, दुसरीकडे राज्य चालले. ह्यात कोणाचे अधिक बरे झाले, हे ठरवण्याची जबाबदारी समीक्षकावर नाही. पण आपल्या वीरगाण्यात शोकात्म शेवट का टिकत नाही ह्याचे कारण शाहिराच्या दुबळ्या प्रतिभेत शोधण्याऐवजी त्या मांडवात शोधावे, असे मला म्हणायचे आहे.

प्रतापरावांबरोबर किती जण होते, हा प्रश्न राहतो. सभासदाच्या वर्णनात मोठे युद्ध आहे, सात हा आकडा नाही. तो मिळतो एका वेगळ्याच ठिकाणी. मुंबईच्या इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी हा त्या सुमारास रायगडावर होता. त्याने एप्रिल 1674 मध्ये आपल्या धन्यांना पाठवलेल्या पत्रात कळवले की दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह मारला गेला, आणि बाकीचे सैन्य त्याच्या मदतीला आले नाही. त्या मृत्यूविषयी ऑलिव्हिएने म्हटले असते असे एवढे एकच वाक्य सापडते, आणि ते लिहिणारा मीठ खात होता मुंबईच्या इंग्रजांचे.